आम्हाला जर्मन येत नाही, तरी शिकवणी पारखली

आम्ही अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या बचत गटाच्या बायका. आमच्यातल्या काही जणी घरी बसून उल्हासनगरच्या जीन्सचे धागे कापतात, काही धुणीभांडी करतात, दोघी कारखान्यात पॅकिंगला जातात. आज आम्ही बोलणार आहोत जर्मन भाषेच्या शिकवणीबद्दल. ऐकून हसू येईल. आम्हालाही आलं होतं. पण या शिकवणीपायी आमच्या गटाचे पैसे एकदा बुडाले. मग जे शिकलो ते तुमच्याही लेकीच्या कामी येईल, तिचा विषय जर्मन असो, गणित असो नाहीतर इंग्रजी.

आमच्यातल्या एकीची मुलगी अकरावीत गेली. अकरावी-बारावीला इंग्रजी सक्तीचं असतं आणि दुसरी भाषा आपण निवडायची. मराठी, हिंदी घेता येते आणि कॉलेजात सोय असेल तर जर्मन, फ्रेंचसारखी परदेशी भाषाही घेता येते. कुणीतरी सांगितलं, जर्मनला गुण चांगले पडतात. शिवाय २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून वस्तीतही जर्मनीचं नाव ऐकू येऊ लागलं होतं. मुलीला नर्स व्हायचं होतं. तिने जर्मन घेतलं.

अकरावी कशीबशी निघाली. बारावीच्या पहिल्या चाचणीत पोरगी नापास झाली. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी शाळेत आठवीपासून जर्मन केलेलं, ही नवखी. घरी येऊन म्हणाली, "आई, मी कॉलेज सोडते." तिची आई मीटिंगला आली ती डोळे पुसतच. आम्ही ठराव केला आणि अंतर्गत कर्जातून ८,००० रुपये दिले. एका क्लासची जाहिरात पाहिली होती. सगळे पैसे आगाऊ भरले. दीड महिना तिथे पाढ्यांसारखे शब्द म्हणून घेतले, मग एक दिवस क्लासला कुलूप. फोन बंद. पावती मागायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

आता खरी अडचण पुढे होती. मुलीची परीक्षा चार-साडेचार महिन्यांवर आणि गटात दोन तट. एक जण म्हणाली, "आपल्या पोरींना कशाला हवी जर्मन? त्या पैशात शिलाई मशीन आलं असतं." तिचं अगदीच चुकत होतं असं नाही, पैसा सगळ्यांच्या घामाचा. दुसरी म्हणाली, "इरावती कर्वेंनी बर्लिनला जाऊन १९३० साली डॉक्टरेट मिळवली, ती जर्मन शिकूनच ना?" तेही खरं. पण इरावतीबाईंच्या घरी विद्या होती. आमच्या मुलीच्या घरी एक खोली आणि पाच माणसं. शेवटी मुलीची आईच बोलली. "पैसे मी फेडीन. पण या वेळी मास्तर तुम्ही सगळ्या मिळून निवडा. मला एकटीला फसवतात."

आम्ही म्हटलं, आम्हाला जर्मनचं अक्षर येत नाही, आम्ही काय निवडणार? तेव्हा आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, "मला सोनं घडवता येत नाही, पण सोनाराकडे वजन करून घेता येतं." त्या दिवसापासून आम्ही वजन करायला लागलो.

पहिलं वजन: कोणती परीक्षा? ही गोष्ट आम्हाला सगळ्यांत उशिरा कळली. जर्मनच्या परीक्षा दोन तऱ्हेच्या. एक बोर्डाची बारावीची: तीन तासांचा ८० गुणांचा लेखी पेपर आणि २० गुण तोंडी व अंतर्गत. दुसरी जर्मनीला जायला लागते ती. तिच्या सहा पायऱ्या आहेत: ए वन, ए टू, बी वन, बी टू, सी वन, सी टू. त्या परीक्षा मुंबईत काळा घोड्याजवळ आणि पुण्यात मॅक्स म्युलर भवन म्हणजे ग्योथे इन्स्टिट्यूट घेतं. तिथे वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं या चारही गोष्टी तपासतात. बारावीत जर्मनला कितीही गुण पडले तरी ते या पायऱ्यांचं प्रमाणपत्र नव्हे. नर्स म्हणून तिथे पूर्ण मान्यता मिळवायला सहसा बी टू लागतं. म्हणजे बारावी पास झाली की विमानात बसली, असं कुणी सांगत असेल तर तिथून उठा.

म्हणून शिकवणाऱ्याला आमचा पहिला प्रश्न हाच असे. एका सरांनी लगेच सांगितलं, "मी सगळंच शिकवतो." दुसऱ्या एका मुलीने उलट आम्हालाच विचारलं, "तिच्या कॉलेजची प्रश्नपत्रिका आणि वही आणलीत का?" आम्ही दोन्ही दिलं. अर्धा तास ती वही वाचत बसली. आम्हाला ती तिथेच आवडली.

अशी माणसं सापडतात कुठे? आम्ही सुरुवात मुलीच्या कॉलेजातल्याच मॅडमपासून केली. त्या शिकवणी घेत नव्हत्या, पण त्यांनी वाट दाखवली. मुंबई विद्यापीठाच्या कालिना इथल्या जर्मन विभागात आणि पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात, मुलंमुली जर्मन शिकतात. त्यातली कितीतरी शिकवण्या घेतात. वही वाचणारी ती मुलगी अशीच. जर्मनमध्ये एम.ए. करणारी, राहायला बदलापूरला, म्हणजे आमच्या पुढचंच स्टेशन. काळ्या घोड्याचा वर्ग चांगला असेल, पण इथून जायला दीड तास आणि यायला दीड तास. बारावीच्या पोरीला ते झेपलं नसतं.

दुसरं वजन: तिचं स्वतःचं प्रमाणपत्र. मागायला लाज वाटू देऊ नका. आपण गॅस दुरुस्त करणाऱ्यालाही ओळखपत्र विचारतो. बारावीची तयारी करून घेणाऱ्याने स्वतः निदान बी टू केलेलं असावं, असं कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं होतं. प्रमाणपत्रावर पायरी लिहिलेली असते, तारीख असते आणि गुण असतात. बदलापूरच्या मुलीने न कुरकुरता दाखवलं.

तिसरं वजन: पहिला तास आमच्यासमोर. आम्ही तिघी मागे बसलो. भाषा कळत नव्हती, पण कोण बोलतंय हे कळत होतं. आधीच्या क्लासमध्ये मास्तर बोलायचे आणि पोरं ऐकायची. इथे निम्मा वेळ आमची पोरगी बोलत होती, अडखळत होती, परत बोलत होती. आणि ताई एक गंमत सांगत होती, ती तुम्हालाही सांगतो.

जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, अगदी आपल्यासारखी. आपल्याकडे तो, ती, ते. तिकडे देअर, दी, दास. आपल्याला हे आईच्या दुधातून मिळालेलं. फक्त वस्तूंची वाटणी वेगळी. चमचा आपल्याकडे तो, तिकडेही तो. सुरी आपल्याकडे ती, तिकडे मात्र ते. आणि मुलगी? तिकडे मुलीच्या शब्दालासुद्धा 'दास', म्हणजे 'ते' लावतात. आपण नाही का म्हणत, "ते पोरगं कुठं गेलं"? आणखी एक. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. जर्मनमध्ये 'कारण' या अर्थाचा 'वाइल' शब्द आला की त्या पुढच्या वाक्याचं क्रियापद शेवटी जातं. 'कारण मी आजारी आहे' यातलं 'आहे' जसं शेवटी, तसंच. मुलगी तोपर्यंत इंग्रजीवरून जर्मन शिकत होती आणि गोंधळत होती. मराठीवरून शिकवल्यावर तिचा चेहरा उजळला. तिच्या आईने हळूच आम्हाला चिमटा काढला.

चौथं वजन: पैसे. महिन्याचे महिन्याला, पावती घेऊन. वर्षाचे आगाऊ मागितले तर नाही म्हणायचं. हे आम्ही आमच्या इतिवृत्तातच लिहून ठेवलंय.

पाचवं वजन: वही. भाषा येवो न येवो, वही तपासली आहे की नाही हे दिसतं. नुसती बरोबरची खूण असेल तर समजा, पानं उलटली आहेत. चुकीखाली रेघ आणि बाजूला नीट केलेलं वाक्य असेल तर वाचलं आहे. आणि तीच चूक पुढच्या आठवड्यात कमी झाली का, तेही मोजता येतं. आमच्या बाईने मोजलं. पहिल्या निबंधात सव्वीस लाल रेघा, जानेवारीत नऊ.

आईला आणखी काय करता येतं, तेही सांगतो. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं लिहितात. काही अक्षरांच्या डोक्यावर दोन ठिपके असतात आणि ते विसरले तर अर्थ बदलतो. 'शोन' म्हणजे आधीच, ठिपके दिले की 'श्योन', म्हणजे सुंदर. आमची ही मैत्रीण सातवी शिकलेली. तिला एबीसीडी येते. रोज रात्री धागे कापून झाले की ती वही घेऊन ठिपके आणि मोठी अक्षरं तपासायची. लेक म्हणायची, "आई, इथे ठिपके नसतातच!" कधी आई चुकायची, कधी लेक. पण वही रोज उघडली जायची.

घरातल्या वस्तूंवर आम्ही चिठ्ठ्या लावल्या. टेबलाला निळी, कारण टेबल तिकडे 'तो'. दाराला लाल, ती. खिडकीला हिरवी, ते. धाकटा भाऊपण म्हणायला लागला, "दास फेन्स्टर बंद कर."

शिकवणी आठवड्यातून दोन दिवस फोनवर आणि रविवारी समोरासमोर. एका खोलीत टीव्ही, भांडी, पाहुणे. म्हणून गटाची मीटिंगची खोली तिला संध्याकाळी दीड तास दिली. कुणीतरी एक जण तिथे आपलं काम घेऊन बसायची. त्यात मुलीची सोबतही झाली आणि अभ्यासाला शांतताही मिळाली.

ऐकण्याचा सराव फुकट झाला. जर्मनीचं डॉइचे वेले हे प्रसारण केंद्र फोनवर मोफत जर्मन शिकवतं आणि शिकणाऱ्यांसाठी बातम्या हळू वाचून दाखवतं. आपण आता रेडिओ ऐकतोय ना, तसंच. आम्ही धागे कापत त्या बातम्या ऐकायचो. कळायचं काही नाही. पण मधेच एखादा ओळखीचा शब्द आला की पोरगी ओरडून सांगायची.

शेवटच्या दोन महिन्यांत ताईने जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घेतल्या. तीन तास म्हणजे तीनच तास. पहिल्यांदा तिचा निबंध राहिला, दुसऱ्यांदा पत्र. तिसऱ्यांदा सगळा पेपर झाला आणि दहा मिनिटं उरली. ते सांगायला पोरगी पळत आईकडे आली होती.

मग निकाल. जर्मनमध्ये तिला १०० पैकी ६७ गुण मिळाले. ज्या गुणांच्या आशेने विषय घेतला होता, तेवढे नाहीत. पण चाचणीत नापास झालेली, कॉलेज सोडते म्हणणारी पोर आता नर्सिंगच्या प्रवेशाच्या तयारीला लागली आहे आणि रविवारची जर्मन तिने सोडलेली नाही. बी वनपासून पुढे त्या परीक्षेचे चारही भाग वेगवेगळे देता येतात. प्रत्येक भागात १०० पैकी ६० हवेत. एक भाग राहिला तर तेवढाच परत द्यायचा. आपण कर्ज जसं हप्त्याहप्त्याने फेडतो, तसं ती भाग फेडणार आहे. तिच्या आईचे हप्ते अजून चालू आहेत. एकही चुकलेला नाही.

शिलाई मशीनचं म्हणणारी आमची मैत्रीण मधे एकदा वही पाहायला आली होती. लाल रेघा मोजल्या आणि म्हणाली, "माझ्या नातवाच्या गणिताच्या क्लासलापण एकदा तुम्ही चला."

तेव्हा मैत्रिणींनो, "आपल्याला काय कळतंय" असं म्हणून लेकीला एकटीला क्लासच्या दारात सोडू नका. कोणती परीक्षा ते विचारा, प्रमाणपत्र बघा, पहिल्या तासाला बसा, पैसे महिन्याने द्या, वही रोज उघडा. यातल्या कशालाच जर्मन लागत नाही. आणि एकीने जाऊ नका, दोघी-तिघी मिळून जा. तिघींना फसवणं अवघड असतं.