शाळेतली संध्याकाळ कुणाची?

(नाशिकमधल्या एका शाळेत संध्याकाळच्या व्याख्यानांची आणि मेळाव्यांची आखणी करण्यासाठी पालक मैत्रिणी व गटाच्या कार्यकर्त्या एकत्र जमल्या होत्या. त्या बैठकीतल्या प्रास्ताविक भाषणाचं हे शब्दांकन. शाळेचं नाव मुद्दामच दिलेलं नाही.)

मैत्रिणींनो,

बाकं चौथीच्या मुलांची आहेत, त्यामुळे सगळ्याच जणी गुडघे पोटाशी घेऊन बसल्या आहोत. चालवून घेऊ. माझ्या हातात शाळेचं गेल्या वर्षीचं गुलाबी कार्ड आहे. संध्याकाळच्या कार्यक्रमांचं. आज आपल्याला यंदाचं कार्ड ठरवायचं आहे, म्हणून आधी जुनं वाचून दाखवते.

जानेवारीत माता पालकांसाठी हळदीकुंकू व तिळगूळ समारंभ. त्यानंतर व्याख्यान, 'सुजाण पालकत्व', वक्ते एक डॉक्टर. फेब्रुवारीत स्नेहसंमेलन. मग 'कायदा आणि आपण', वक्ते एक वकील. मार्चमध्ये महिला दिनानिमित्त पाककृती स्पर्धा. वेळ सगळ्यांची संध्याकाळी सहा. डॉक्टर, वकील, प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, सगळे पुरुष. कार्डावर बायकांची नावं दोनच ठिकाणी आहेत, स्वागतगीत आणि आभारप्रदर्शन. रांगोळी कुणी काढली, पाहुण्यांना ओवाळायला ताट घेऊन कोण उभी राहिली, सतरंज्या कुणी झटकल्या, ती नावं कार्डावर नाहीत. ती नावं आज या खोलीत बसलेली आहेत.

कुणी म्हणेल, कार्यक्रम तर होतायत ना, मग तक्रार कसली? तक्रार सांगते. पण आधी जरा मागे जाऊ, कारण शाळेतली ही संध्याकाळ आपल्या नाशकात फार जुनी आहे.

साल साधारण १८७८. न्यायमूर्ती रानडे तेव्हा नाशकात बदलून आले होते. लोकहितवादी गोपाळराव देशमुखही त्या काळात इथेच न्यायाधीश होते. रानड्यांनी त्याच्या तीनच वर्षं आधी, १८७५ साली, पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली होती. आपल्या गोदाघाटावर दर मे महिन्यात भरते ती व्याख्यानमाला त्याच वळणाची. थोडक्यात, भाषण ऐकायला जाणं हे सुशिक्षित पुरुषाचं संध्याकाळचं काम ठरत चाललं होतं. बाईचं नव्हतं. तिने फार तर कीर्तन ऐकावं, पुराण ऐकावं, तेही खांबाआड बसून.

अशा काळात नाशकातल्या शाळेच्या समारंभात एक सोळा सतरा वर्षांची मुलगी पाहुणी म्हणून आली आणि चारचौघांत उभी राहून बोलली. ती रमाबाई रानडे. अकराव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती, नवरा तिच्याहून वीस वर्षांनी मोठा. तिचं ते पहिलं जाहीर भाषण. आणि ते तिने लिहिलेलं नव्हतं, रानड्यांनी लिहून दिलं होतं.

मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा माझा जरा विरसच झाला. म्हटलं, हे काय, पहिलं भाषण तेही नवऱ्याचं! आपल्यातल्या बऱ्याच जणींना असंच वाटेल. सरपंच बाई नवऱ्याने लिहून दिलेलं वाचते म्हणून आपणही हसलेलो आहोत. पण मग मी पुढचं बघितलं. त्याच रमाबाईंनी नंतर पुण्यात, मुलींच्या हायस्कूलच्या मागणीसाठी, गव्हर्नरासमोर इंग्रजीतून मानपत्र वाचलं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यावरून टोमणे मारून त्यांना नको नको केलं. ते हायस्कूल म्हणजे १८८४ची हुजूरपागा. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्ष रमाबाई. १९०९ साली पुण्यात सेवासदन. आणि १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक, तेव्हा लिहून द्यायला रानडे नव्हते, ते १९०१ सालीच गेले होते.

म्हणून म्हणते, कुणाचं तरी लिहून दिलेलं वाचणाऱ्या बाईला हसू नका. ती उभी राहिली आहे. उभं राहायला जागा कुठे मिळाली? शाळेत. शाळेची खोली ही बाईला घराबाहेर मिळालेली अशी पहिली जागा, जिथे जायला तिला देवाचं निमित्त लागत नव्हतं. फुले दांपत्याने तर १८५५ सालीच कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली होती, बाया आणि पुरुष दोघांसाठी. दिवसभर राबणाऱ्यांना संध्याकाळच मोकळी असते, हे त्या दोघांना कळलं होतं. आपल्या गुलाबी कार्डाला ते अजून कळायचं आहे.

आता तक्रार. पहिली हळदीकुंकवाची, कारण ती माझीच चूक आहे.

गेल्या जानेवारीत मी त्या समारंभाला आले होते. नवी साडी, हातात वाण. वर्गशिक्षिकेने मुलांच्या हाती चिठ्ठी दिली होती, 'आईने अवश्य यावे'. सगळ्या आया आल्या. त्यात एक, तिचा मुलगा माझ्या मुलीच्या वर्गात, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. ती दारापर्यंत आली आणि आतलं हळदीकुंकवाचं ताट बघून बाहेर पाण्याच्या नळापाशी जाऊन उभी राहिली. मुलगा तिचा हात ओढत होता, 'आई, चल ना, बाईंनी बोलावलंय'. ती त्याला म्हणाली, 'तू जा, मी चप्पल सांभाळते'. मी हे बघितलं. आणि बघून आत गेले, कुंकू लावून घेतलं, स्टीलची वाटी घेतली आणि घरी आले. तिला आत आणायला मला चार पावलं टाकावी लागली असती. मी ती टाकली नाहीत. गेली पंधरा वर्षं मी गटात भाषणं करते आहे, हे लक्षात ठेवून ऐका.

कुणी तिला 'येऊ नको' म्हटलं नव्हतं. शाळेचा नियम नव्हता. फक्त कार्यक्रमाचं नावच असं होतं की तिने आपणहून बाहेर राहावं. मुसलमान आया त्या दिवशी आल्याच नाहीत, ख्रिस्ती आया नाहीत, बौद्ध मैत्रिणींपैकी एकदोघी आल्या आणि मागे बसून गेल्या. म्हणजे 'माता पालकांसाठी' असं छापलं, प्रत्यक्षात ते सवाष्ण हिंदू मातांसाठी झालं. गंमत अशी की रमाबाई रानडे १९०१ नंतर या समारंभाला आल्या असत्या, तर त्यांनाही नळापाशीच उभं राहावं लागलं असतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. एका गावाला जे जमलं ते एका शाळेला अवघड नाही. आपला प्रस्ताव साधा आहे. हळदीकुंकू शब्द कार्डावरून काढायचा. तिळगूळ ठेवायचा, तो कुणालाही गोडच लागतो. वाण वाटायचंच तर पुस्तक किंवा रोप, आणि ते प्रत्येकीला. ज्यांना घरी हळदीकुंकू करायचं त्यांनी खुशाल करावं, आपण कुणाच्या घरात शिरत नाही. पण शाळा सगळ्यांची आहे.

यावर आपल्यातच मतभेद आहेत, मला ठाऊक आहे. काही मैत्रिणींचं म्हणणं, बायकांना वर्षात हक्काने नटून बाहेर पडायला तेवढंच एक निमित्त मिळतं, ते का हिरावता? हे म्हणणं मी उडवून लावत नाही. सासूबाई तिळगुळाला जाऊ देतात, व्याख्यानाला देत नाहीत, ही खरी गोष्ट आहे. म्हणून निमित्त ठेवूया, दार रुंद करूया.

दुसरी तक्रार सहा वाजण्याची. ही वेळ कुणाच्या सोयीची? ऑफिस सुटलेल्या पुरुषांच्या. आम्ही आठवडाभर शाळेच्या फाटकापाशी उभं राहून आयांना विचारलं. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत जाणाऱ्या म्हणाल्या, पाळी असेल तसं. धुणीभांडी करणाऱ्या म्हणाल्या, सहाला आमची दुसरी फेरी चालू असते. घरी असणाऱ्या म्हणाल्या, सहाला निघालं तर स्वयंपाक कोण करणार? एकीने मात्र भलतंच उत्तर दिलं. 'ताई, मी आले असते हो, पण संडासाला कुठे जाऊ?'

मुलींचं स्वच्छतागृह पाच वाजता कुलूपबंद होतं. किल्ली शिपाईकाकांकडे, काका साडेपाचला घरी. दोन तासांचं व्याख्यान, वक्ता 'अजून दोनच मिनिटं' म्हणत अर्धा तास खातो, आणि बाया अर्ध्यातून उठून जातात. मग मागून शेरा ऐकू येतो, 'बायकांना अशा विषयांत रस नसतो'. मैत्रिणींनो, रस असतो. किल्ली नसते.

तर यंदा शाळा सुटल्यावर लगेच, पावणेसहाला सुरुवात, सव्वासातला संपवायचं. आया मुलांना न्यायला येतातच, त्यांनी परत फेरी मारायची नाही. शेजारचा वर्ग मुलांसाठी उघडा ठेवायचा, दोन जणी आणि दोन बाबा आळीपाळीने तिथे बसतील. बाबा हे मुद्दाम म्हणते आहे. कारखान्यातल्या पाळीच्या आणि घरकाम करणाऱ्या मैत्रिणींसाठी तेच व्याख्यान त्यांच्या सुटीच्या दिवशी वस्तीत पुन्हा करायचं. कार्डाच्या तळाशी एक ओळ आम्ही सुचवली होती, 'या संध्याकाळी कुकर घरातील पुरुषांनी लावावा'. मुख्याध्यापक हसले, मग गंभीर झाले, म्हणाले, संस्थेला आवडणार नाही. शेवटी 'कार्यक्रमाच्या दिवशी घरच्यांनी सहकार्य करावे' इथवर तडजोड झाली. कुकर गेला. पण तोंडी निमंत्रणात कुकर सांगायला कुणाची बंदी नाही.

विषयांचं बोलू. पहिली संध्याकाळ ३ जानेवारीच्या आसपास, सावित्रीबाईंच्या जयंतीला धरून. पण फोटोला हार घालून चार शब्द असं नको. मुलींनी आपापल्या आजीला शाळा का सोडावी लागली ते विचारून यायचं आणि सांगायचं. आजी हजर असली तर तिनेच सांगायचं.

दुसरी, मुलांच्या सुरक्षिततेवर. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले, तेव्हा आपण सगळ्या हादरलो, मोर्चे निघाले. पण शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमा असा शासन निर्णय मार्च २०२२मध्येच निघालेला होता. आपल्या शाळेत ती आहे का, कोण आहे तिच्यात, तक्रारपेटी कोण उघडतं, हे त्या संध्याकाळी विचारायचं. पोक्सो कायदा २०१२चा आहे. तो सांगायला आपण वकील बाईंना बोलावलं आहे. त्यांना अट एकच घातली, भाषण वीस मिनिटं, बाकी वेळ प्रश्नांना. आणि प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता. असल्या विषयावर भर सभेत हात वर करून विचारणं फार थोड्या जणींना जमतं.

तिसरी पाळीवर. आयांसाठी एक आणि मुलगेही बसतील अशी एक. मुलगे कशाला, असं शिक्षकांच्या खोलीतून लगेच आलं. मुलींच्या फ्रॉकवर डाग दिसला की कोण हसतं? म्हणून.

चौथ्या संध्याकाळी शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षणहक्क कायदा २००९चा, त्यात स्पष्ट आहे की समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या बायका. खासगी विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही, पण आपली शाळा अनुदानित आहे, आपल्याला लागू आहे. आपल्या समितीत कागदावर निम्म्या बायका आहेत. त्यातल्या दोघी आज इथे बसल्यात. मघाशी मी विचारलं तर म्हणाल्या, सही घ्यायला मुलाच्या दप्तरातून वही येते. बैठक केव्हा झाली ते त्यांना माहीत नाही. कुलूप, किल्ली, दिवा, कार्ड, वक्ता, हे सगळं त्या वहीत ठरतं, आपण त्यावर सही करतो आणि मग शाळेविषयी तक्रार करतो. पुढच्या वेळी वही आली की सही करायची नाही. वर लिहायचं, 'बैठकीला बोलवा'. दोघींनी एकाच दिवशी लिहायचं, म्हणजे एकीवर येणार नाही.

आठ मार्चची पाककृती स्पर्धा काढावी का, यावर अजून एकमत नाही. मला विचाराल तर ती राहू द्या, फक्त स्पर्धक बाबा आणि मुलगे असावेत, परीक्षक आपण. काही जणींना हे चेष्टेचं वाटतंय. चर्चेत बोला.

आता कामं वाटून घेऊ. कार्डाचा मजकूर दोघी लिहितील, त्यात आभारप्रदर्शन एका बाबांकडे जाईल. नळापाशी उभ्या राहिलेल्या त्या मैत्रिणीकडे मी परवा गेले होते. माफी मागितली. ती म्हणाली, 'त्यात काय एवढं', आणि चहा टाकला. जानेवारीच्या संध्याकाळी सूत्रसंचालन करशील का, असं विचारलं. तिने हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. 'लिहून द्याल का?' असं तिने विचारलं. मी देणार आहे.

किल्लीपुढे अजून कुणाचं नाव नाही. शिपाईकाकांकडून पाच वाजता घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत द्यायची. शाळेच्या जवळ राहणारी हवी. कोण घेतंय?