मिसर देशाचें वकीलपत्र



गांवचा माणूस कोर्टाची पायरी चढतो तेव्हां आधीं काय करतो? वकीलपत्रावर सही करतो, नाहीं तर अंगठा उठवतो. मिसर देशाच्या, म्हणजे इजिप्तच्या रयतेनें १९१८ सालीं असेंच वकीलपत्र सबंध देशाच्या वतीनें करून दिलें. तें ज्यांना दिलें त्या साद झगलूल पाशांची हकीकत आज सांगावयाची आहे.

साद हा नाइल नदीच्या मुखाकडील इब्याना खेड्यांतला पोर. बाप गांवचा उमदा, म्हणजे आपल्याकडच्या पाटलासारखा. तो लवकर वारला. साद कैरोस अल्-अझहर येथें शिकला. १८८२ सालीं ओराबी पाशांचें बंड मोडून इंग्रज देशांत ठाण मांडून बसले. त्यानंतर गुप्त मंडळीच्या संशयावरून साद कांहीं महिने तुरुंगांत होता. सुटल्यावर वकील झाला, मग न्यायाधीश. चाळिशीच्या सुमारास फ्रेंच शिकून कायद्याची पदवी घेतली! मुख्य प्रधानांची मुलगी सफिया ही त्यांची पत्नी. १९०६ सालीं ते शिक्षणमंत्री झाले. इथवर पाहिलें तर दरबारीं स्थिरावलेलाच माणूस.

पण पहिल्या महायुद्धानें फल्लाहाची, म्हणजे तिकडच्या शेतकऱ्याची, कंबर मोडली. सैन्यासाठीं त्याचे उंट नेले, गाढवें नेलीं, धान्य-वैरण उचलली आणि शेवटीं त्यालाच मजूर पलटणींत कोंबून पॅलेस्टाइनपर्यंत पाठवलें. लढाई थांबतांच, १३ नोव्हेंबर १९१८ रोजीं, झगलूल दोन सोबत्यांसह इंग्रज हायकमिशनरकडे गेले व स्वातंत्र्य मागितलें. तुम्हांला देशाच्या वतीनें बोलण्याचा अधिकार कोणी दिला, असा सवाल निघाला. मग वकीलपत्रें छापून गांवोगांव धाडलीं. रयतेनें सह्या केल्या, शिक्के उठवले. सरकारनें कागद जप्त केले. पण जप्तीनें वकील थोडाच बदलतो?

८ मार्च १९१९ रोजीं झगलूलांना पकडून माल्टा बेटावर नेलें, आणि खेडीं उठलीं. फल्लाहांनीं आगगाडीचे रूळ उखडले, तारा तोडल्या. विमानांतून त्यांच्यावर मारा झाला. शेंकडों माणसें मेलीं. महिनाभरांत झगलूलांना सोडावें लागलें. पुढें पुन्हां हद्दपारी, एडन, सेशेल्स, जिब्राल्टर. १९२४ च्या जानेवारींत निवडणूक जिंकून ते मुख्य प्रधान झाले.

दहा महिनेच टिकले. १९ नोव्हेंबरला कैरोंत सर ली स्टॅक या इंग्रज सेनापतीवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो मेला. इंग्रजांनीं निर्वाणीचें पत्र धाडलें : माफी मागा, पांच लक्ष पौंड दंड भरा, सुदानांतून फौज काढा. शिवाय, सुदानांत गेझिरा येथें कापसाला नाइलचें पाणी द्यावयाचें तें तीन लक्ष फेद्दानांवर न थांबतां आम्ही हवें तितकें वाढवूं. (फेद्दान म्हणजे एकराहून थोडें जास्त.) खुनाचा आणि पाटाच्या पाण्याचा काय संबंध? वरच्या अंगाच्या माणसानें पाट अडवला म्हणजे खालच्याच्या पोटांत काय कालवतें तें तुम्हांस सांगायला नको. झगलूलांनीं माफी मागितली, दंड भरला. सुदानच्या अटी नाकारल्या आणि राजीनामा दिला.

१९२५ च्या मार्चांत नवी सभा भरली. तिनें झगलूलांना अध्यक्ष निवडलें, आणि राजानें त्याच दिवशीं ती बरखास्त केली. १९२६ सालीं त्यांचा वफ्द पक्ष पुन्हां जिंकला; तरी इंग्रजांनीं त्यांना मुख्य प्रधान होऊं दिलें नाहीं. २३ ऑगस्ट १९२७ रोजीं ते वारले.

माणूस मोठा, यांत मला शंका नाहीं. पण वकिलानें अशिलासाठीं काय मिळवलें हें विचारणें आपला हक्क आहे. अलेक्झांड्रियाच्या कामकऱ्यांनीं १९२४ सालीं कारखाने अडवून धरले तेव्हां त्यांचे पुढारी झगलूलांच्याच सरकारनें तुरुंगांत टाकले. वफ्दांत जमीनदार पुष्कळ; झगलूलही जमीनजुमला करून होते. रूळ उखडणाऱ्या फल्लाहाला जमिनीचा तुकडाही मिळाला नाहीं. जमीनदारीला हद्द पडली ती १९५२ च्या सप्टेंबरांत, लष्करी अधिकाऱ्यांच्या अमलांत : माणशीं दोनशें फेद्दान. झगलूलांना जाऊन तेव्हां पंचवीस वर्षें झालीं होतीं.