रंगवलेल्या लाकडावर मेणाचा हात

जुन्या कपाटाला नवा रंग दिला की वरून काय लावायचं, हा प्रश्न उरतोच. हल्ली बहुतेक जण सरळ पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर, मारून मोकळे होतात. माझ्या मते मॅट, खडूच्या जातीच्या रंगाला मेणच योग्य. ऑइल पेंटची गोष्ट वेगळी. तो वाळला की त्याचं कवच त्यानेच धरलेलं असतं. मेण त्यात मुरत नाही, नुसतं वर चिकटत राहतं. इंग्लंडमध्ये ॲनी स्लोन यांनी १९९० मध्ये जो चॉक पेंट आणला, तशा रंगांचा पृष्ठभाग मात्र सच्छिद्र असतो. ओलं बोट टेकवलं तरी डाग उमटतो. मेण त्या छिद्रांत शिरतं, रंग किंचित गडद होतो आणि पाण्याचा थेंब लगेच आत न शिरता वर ठरतो.

बिघडतं ते हावरेपणाने. जाड थर दिला की तो आतून मऊच राहतो आणि धूळ धरतो. सुती फडक्यावर अगदी थोडं मेण घेऊन ते रंगात चोळून जिरवायचं, उरलेलं लगेच पुसून काढायचं. बोट फिरवल्यावर ओरखडा उठला, तर मेण जास्त झालं समजावं. दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने घासलं की मंद तुकतुकी येते. पुरतं कडक व्हायला मात्र काही आठवडे लागतात, तोवर वस्तू जपून वापरायची.

आपल्या उन्हाळ्यात मेण वितळेल, ही भीती नको. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. ब्राझीलच्या ताडाच्या जातीच्या झाडापासून मिळणारं कार्नोबा मेण तर ८० अंशांच्याही पुढे. मात्र वाफाळत्या चहाचा कप थेट टेकवला, तर गोल डाग पडणारच. म्हणून जेवणाच्या टेबलाला आणि ओट्याजवळच्या फळीला मेण नको. तिथे पीयूच हवं, हे मी मान्य करतो.

पीयू जास्त टिकतं, हेही खरं. पण त्याचा पापुद्रा एका जागी सुटला, तर बहुधा अख्खा पृष्ठभाग घासावा लागतो. मेण झिजलं, तर झिजलं तेवढ्यावरच पुन्हा हात द्यायचा. पुढे कधी व्हार्निश करावंसं वाटलं, तर ते मेणावर धरत नाही. आधी टर्पेंटाइनच्या बोळ्याने मेण नीट उतरवावं लागतं, आणि ते काम खिडक्या उघड्या ठेवून, चूल-शेगडीपासून लांब करावं.