चिडिया टापूचा किनारा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी चहाच्या पातेल्याजवळ असते. यंदा सेक्रेटरीबाईंनी मला पुढे ओढले आणि म्हणाल्या, "तुम्ही अंदमान पाहून आलात, तेच सांगा." माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही. तेव्हा जे पाहिले आणि जे मनाला लागले, तेवढेच सांगते. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

आमच्या ह्यांना नोकरीत प्रवासाची सवलत मिळते. इतकी वर्षे ती गावी जाण्यायेण्यातच संपत असे. यंदा जानेवारीत ह्यांनी अंदमानचा बेत केला. वरखर्चाला जे पैसे लागणार होते, त्यांत मोरीची फरशी बदलावी असे माझे म्हणणे होते. पण मुलीने वडिलांची बाजू घेतली, आणि मी एकटी पडले.

चेन्नईहून विमान निघाले की हजार किलोमीटरच्या वर नुसता समुद्र. उतरलो ते पोर्ट ब्लेअरला. २०२४ पासून त्या शहराचे नाव श्री विजयपुरम असे झाले आहे. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल पाहिले. १९०६ साली बांधून पुरे झालेल्या त्या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. १९११ साली सावरकरांना तेथे नेले. त्यांच्या कोठडीपुढे उभे राहिले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. काळे पाणी म्हणतात ते हेच, असे मनात आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चिडिया टापूला गेलो. दक्षिण अंदमानच्या अगदी टोकाला, शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटर. रस्ता दाट झाडीतून जातो. किनारा लहानसाच आहे. मागे डोंगर, पुढे निळेहिरवे पाणी, आणि काठावर पाण्याकडे वाकलेली मोठमोठी झाडे. आपल्या कोकणात असतात तसल्या केवड्याच्या जातीची बनेही दिसली. बसायला लाकडी बाकडी होती. ना गाणी, ना भेळेच्या गाड्या. तिकडच्या खाड्यांत मगरी असतात, म्हणून आम्ही पाण्यात उतरलो नाही. लाटांचा आणि पाखरांचा तेवढा आवाज. लग्नाला बावीस वर्षे झाली, पण आम्ही दोघे काही न बोलता इतका वेळ शेजारी बसलो असे मला आठवत नाही.

वाळूत काही मोठी झाडे मुळांसकट आडवी पडलेली होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने तिकडची जमीन सुमारे एक मीटर खाली गेली, आणि समुद्र झाडांच्या मुळाशी आला. एवढे सोसूनही तो किनारा किती स्वच्छ!

मी मात्र तेथे एक चूक केली. वाळूत सुंदर शंखशिंपले होते. आठदहा वेचून मी पदरात बांधले. एक तुळशीपुढे ठेवावा, बाकीचे तुम्हांला वाटावेत, असा विचार होता. तेवढ्यात तेथला रखवालदार आला आणि हिंदीत म्हणाला, "माताजी, हे येथेच ठेवा. शंख, पोवळे, काही नेता येत नाही." मी चार लोकांत शरमले. पदर सोडून शंख खाली ठेवले, तो त्यांतला एक चालू लागला! आत खेकडा होता.

रखवालदार हसून सांगू लागला. ह्या खेकड्याचे अंग मऊ असते. मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख हेच त्याचे घर. तो वाढला की मोठा शंख शोधतो. कधी कधी एकाने खोली बदलली की त्याची जागा घ्यायला दुसरे टपलेलेच असतात. मला आपली मुंबई आठवली. पागडी नाही एवढाच फरक. लोकांनी शंख उचलून नेले तर त्याने जायचे कोठे? मी दुसऱ्याचे घर पदरात बांधून निघाले होते.

सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधीच मावळला. बेटे फार पूर्वेला, पण घड्याळ आपलेच. परतताना खाडीच्या कडेला तिवरांची झाडे दिसली. मुलगी म्हणाली, "आई, ही तर आपल्या मानखुर्दला आहेत." खरेच होते. आणि तेव्हा मला जे आठवले, ते आज तुमच्यापुढे कबूल करते.

मार्गशीर्षातल्या गुरुवारचे असो की गणपतीचे, सगळे निर्माल्य मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधत असे. मानखुर्दहून वाशीची गाडी धरायची, पूल आला की पिशवी खाडीत सोडायची आणि हात जोडायचे. कित्येक वर्षे मी हे पुण्य म्हणून केले. त्या पुलाखाली चिखल आहे, वास येतो, म्हणून तो समुद्र आहे असे कधी मनातच आले नाही. मानखुर्द, देवनार, चेंबूर, तुर्भे हा सगळा भाग पूर्वी एक बेटच होता. म्हणजे आपणही बेटावरच्याच बायका. ह्याच ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला, आणि २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. पाखरांना आपली खाडी आवडते. नाक आपण मुरडतो.

घरी आल्यावर रंगाच्या जुन्या डब्याला खाली भोके पाडली. हाराचा दोरा आणि जर काढून फुले त्यात टाकते, वर सुका पाला आणि माती. दोनतीन महिन्यांत खत होते, ते तुळशीला घालते. सासूबाईंना हे रुचले नाही. "देवाचे फूल वाहत्या पाण्यात जावे," असे त्या अजून म्हणतात. त्यांचेही खोटे नाही. त्यांच्या लहानपणी फूल केळीच्या पानावर जात असे, पिशवीत नव्हे. परवा मी भाकरी करीत होते, तेव्हा त्यांनी आपणहून दोरा सोडवला आणि फुले डब्यात टाकली. बोलल्या काही नाहीत. मीही बोलले नाही.

माझी मंडळाला एकच विनंती आहे. आपल्या खोलीमागे निर्माल्यासाठी एक पिंप ठेवावे. सणावारी तेथेच सर्वांनी फुले आणावीत, पिशव्या परत न्याव्यात. पहिले तीन महिने पाला आणायचे आणि ते खालीवर करायचे काम माझ्याकडे. मोरीची फरशी अजून फुटकीच आहे, पण ती पुढच्या वर्षी पाहू.

एवढे बोलून मी माझे भाषण संपवते. चहा तयार आहे.