जुना क्रँक घ्यावा का?

आज आपण मोटारसायकलच्या एका भागाविषयी बोलू. भाग लहान आहे, पण तो बिघडला की घरचा रोजगार बुडतो. त्याचे नाव क्रँक.

आमच्या घरी जुनी राजदूत आहे. १९६० नंतरच्या काळात एस्कॉर्ट्स कंपनीने ही गाडी आपल्या देशात काढली. तिची बनावट मूळची पोलंड देशातली. गाडी दणकट, म्हणून दूधवाल्यांनी ती जवळ केली. आता कंपनी ती काढत नाही. तरी आम्ही रोज पहाटे तिलाच दोन्ही बाजूंना कॅन अडकवून दूध घालायला जातो.

एके दिवशी चढावर इंजिन ठकठक वाजू लागले. मिस्त्रीने कान दिला आणि म्हणाला, "दादा, रॉडला प्ले आलाय. क्रँकचं काम निघालं."

क्रँक म्हणजे काय? पायाने चालणारे शिवणयंत्र आठवा. पाय वरखाली होतात आणि चाक गोल फिरते. मोटारसायकलमध्ये पिस्टन वरखाली होतो. त्याचे गोल फिरणे क्रँक करतो. राजदूतच्या क्रँकमध्ये दोन जाड लोखंडी चकत्या असतात. दोन्हींना जोडणारी एक पिन असते. पिनीवर बेअरिंग आणि बेअरिंगवर रॉड. हे सारे एकमेकांत दाबून बसवलेले असते. म्हणून ते प्रेसवर उघडता येते आणि पुन्हा बसवता येते.

आम्हाला हे ठाऊक नव्हते. आम्ही पेंडीसाठी ठेवलेले पैसे उचलले आणि शहरातल्या जुन्या बाजारात गेलो. तिथे एक क्रँक मिळाला. रॉड लोण्यासारखा फिरत होता. भावही कमी वाटला. घेऊन आलो.

मिस्त्रीने तो रॉकेलमध्ये धुतला. मग रॉड धरून वर-खाली ओढला, तर टकटक वाजला! घट्ट ऑइल भरले होते, म्हणून प्ले कळला नव्हता. शिवाय पिनीच्या टोकाला वेल्डिंग केलेले होते. भोक सैल झाले असले, की असे करतात. मिस्त्री म्हणाला, "याच्यात नवी पिन पक्की बसायची नाही. हे भंगार झालं."

आठ दिवस आम्ही सायकलवर दूध नेले. एकदा उशीर झाला, दूध नासले, ते परत आले. पैसे गेले ते गेलेच. म्हशीची पेंडही राहिली.

तेव्हा मंडळी, जुना क्रँक घेताना आधी तो धुऊन घ्या. नंतर पुढील गोष्टी पाहा.

रॉड सरळ वर-खाली ओढा. जराही हलता कामा नये. आडवा थोडा सरकला तर घाबरू नका. तेवढी जागा ठेवलेलीच असते.

दोन्ही बाजूंचे दांडे पाहा. आटे झिजले आहेत का? चावीची खाच फाटली आहे का? बेअरिंग बसते ती जागा घासली आहे का?

पिनीजवळ वेल्डिंग किंवा तापल्याचा निळा रंग दिसला, तर तो क्रँक खाली ठेवा.

रॉड, पिन आणि बेअरिंग यांचे किट नवे मिळते. पण चकत्या आणि दांडे बिघडले, तर किट काय कामाचे? म्हणून पैसे द्यायचे ते चकत्या-दांडे पाहून. आणि माल परत घेण्याची बोली चिठ्ठीवर लिहून घ्या.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. मिस्त्रीने आम्हाला विचारले, "अहो, तुमचाच क्रँक आधी का नाही उघडला?" तो उघडला. चकत्या चांगल्या, दांडेही चांगले. झिजले होते ते फक्त पिन, बेअरिंग आणि रॉड!

आपल्याला आता लिहिता येते. मग हिशेब कागदावर मांडावा. समजा, जुना क्रँक २००० रुपये, किट १५००, प्रेस व लेथची मजुरी ८००, बाजूची बेअरिंग आणि ऑइल सील ७००. एकूण झाले ५००० रुपये. आपलाच क्रँक चांगला असेल, तर पहिले २००० गेले. राहिले ३०००. भाव गावोगावी वेगळे असतील, पण मांडणी हीच. आपले दांडे किंवा चकत्या खराब असतील, तरच दुसऱ्याचा जुना क्रँक पाहावा.

काम जाणत्या लेथवाल्याकडेच द्यावे. तो क्रँक दोन टोकांत धरून फिरवतो आणि त्यावर डायल गेज लावतो. केसाएवढा फरकही काट्यावर दिसतो. तेवढाही फरक पुष्कळ झाला. हातोडीने अंदाजाने बसवलेला क्रँक फार दिवस टिकत नाही.

शेवटी एक विचारायचे राहिले. पहिला क्रँक गेला कशाने? या गाडीत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. त्याच ऑइलवर क्रँकचे बेअरिंग जगते. आम्ही घाईत अंदाजाने ओतत होतो. कधी तर ओतायचे विसरत होतो. चूक आमचीच होती. २५ भागांना १ भाग असे माप असेल, तर १ लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर ऑइल लागते. आता आम्ही मापाची बाटली गाडीलाच बांधली आहे. तिच्यावर खूण करून आकडाही लिहिला आहे.

क्रँक नवा असो की जुना, कारण दूर केले नाही, तर तोही जाणार. म्हणून आधी धुवा, मग पाहा, मग हिशेब मांडा. खिशात हात घालायचा तो त्यानंतर.