खाडीच्या उंबरठ्यावर



जून २०१९ मध्ये शांघायच्या मत्स्यालयातील लिटल ग्रे व लिटल व्हाइट या दोन बेलुगा देवमाशांना विमानाने आइसलँडला नेण्यात आले. तेथील क्लेट्सविक खाडीत त्यांना वसवायचे होते. लहानपणीच रशियाच्या समुद्रातून पकडलेल्या या माद्यांना थंड पाण्यासाठी अंगी चरबी वाढवावी लागली, अधिक वेळ श्वास रोखण्याचा सराव करावा लागला. २०२० मध्ये त्या खाडीत उतरल्या. तरीही पुढे त्यांना पुन्हा तलावात आणावे लागले.

शाळेच्या ६० व्या वर्षी मला त्यांची आठवण होते. मुलांचे प्रत्येक काम आपणच करत राहिलो, तर दार उघडल्यावरही ती उंबरठ्याशीच अडतील. आपल्या मायेने त्यांचे बळ हिरावले जाऊ नये, एवढीच प्रार्थना.