खेळ रंगतो तेव्हा संगणकाचे तापमान

संगणकावर त्रिमितीय खेळ सुरू असताना आकडेमोड करणारा प्रोसेसर आणि पडद्यावरील चित्र घडवणारे ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही घटक एकाच वेळी राबत असतात आणि त्यांनी घेतलेली जवळजवळ सगळी वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. अशा वेळी प्रोसेसरचे तापमान साधारणपणे ६० ते ८० आणि ग्राफिक्स कार्डचे ६५ ते ८५ अंश सेल्सिअस असणे स्वाभाविक मानले जाते. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५ अंश असून, ती गाठताच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. या स्वसंरक्षणाला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात आणि खेळातील चित्र अडखळू लागणे ही त्याची एक खूण होय.

पंखा कोणत्याही घटकाला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही, म्हणून विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाऊन खोल्या तापतात, तेव्हा हिवाळ्यात ७० अंशांवर स्थिरावणारा प्रोसेसर ८५ अंशांच्या घरात जाऊ शकतो. उष्णता हवेत सोडणाऱ्या हीटसिंकच्या पातळ पात्यांमध्ये धुळीचा लोकरीसारखा थर साचला की हवेची वाट अडते, आणि लॅपटॉप गादीवर ठेवल्यास तळाची जाळीच झाकली जाते. म्हणूनच संगणक बंद करून मऊ ब्रशने धूळ झाडणे आणि प्रोसेसर व हीटसिंक यांमधील सूक्ष्म फटी भरणारा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, वाळल्यास बदलणे ही काळजी प्रत्येक घरात अगत्याने घेतली गेली पाहिजे.